नकटा देवमासा ओळखायचा कसा?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मुंबईतल्या वेसाव्याच्या किनाऱ्यावरून मैत्रिणीने एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे काय आहे गं? इथे सगळे मुशी म्हणतायत. एक काका म्हणतात देवमाशाचं पिल्लू."

फोटोत एक काळपट, फुगलेलं धूड होतं. डोकं कॅमेऱ्याकडे, बाकीचं शरीर मागे निमुळतं होत गेलेलं, पोटाकडचा भाग वाळूत रुतलेला. बाजूला कुणाचा तरी निळ्या हवाई चपलेतला पाय. पाठीवरचा पर डोक्याच्या आड गेला होता आणि शेपटी फोटोत आलीच नव्हती. तोंड खालच्या बाजूला आहे की अंग फुगल्यामुळे तसं वाटतंय, तेही सांगता येईना. मी तिला लगेच फोन केला, पण तोवर ती लोकलमध्ये बसली होती. दुपारी ती परत किनाऱ्यावर गेली तेव्हा खड्डा खणून ते धूड पुरूनही झालं होतं. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: दात असलेला छोटा देवमासा किंवा डॉल्फिन, जात अनिश्चित.

ती नोंद मला अजून खुपते. कारण हवी होती ती माहिती फार थोडी होती, आणि ती तिथेच, त्या वाळूत पडलेली होती.

देवमासा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखाद्या बसएवढं जनावर येतं. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर ब्रायडीज व्हेल वाहून आला होता, पस्तीसेक फुटांचा. तो पाहायला लोटलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. त्यामुळे अडीच मीटरचं काही दिसलं की आपण एकतर त्याला डॉल्फिन म्हणतो, नाहीतर मुशी, आणि डोकं बोजड असेल तर "देवमाशाचं पिल्लू". पण जगात असेही देवमासे आहेत जे पूर्ण वाढल्यावर उपनगरातल्या रिक्षाएवढेच भरतात. त्यांतला सगळ्यात छोटा म्हणजे ड्वार्फ स्पर्म व्हेल. आपण त्याला बुटका स्पर्म व्हेल म्हणू. लांबी जास्तीत जास्त २.७ मीटर, वजन साधारण दीडशे ते पावणेतीनशे किलो. उष्ण आणि समशीतोष्ण कटिबंधातल्या खोल समुद्रात तो राहतो, म्हणजे आपल्या अरबी समुद्रातही.

पिल्लाचा मुद्दा इथेच मिटवून टाकू. मोठ्या स्पर्म व्हेलचं नुकतं जन्मलेलं पिल्लूच सुमारे चार मीटरचं असतं आणि वजनाला टनाच्या आसपास. निळ्या देवमाशाचं पिल्लू सात मीटरच्या आसपास जन्मतं. तेव्हा अडीच मीटरचं, चौकोनी डोक्याचं, खाली तोंड असलेलं जनावर त्यांचं पिल्लू असूच शकत नाही. तो बहुधा त्याच्या जातीतला बाप्या किंवा बाई आहे, वयात आलेली.

या जातीचं शास्त्रीय नाव कोगिया सिमा. 'सिमा'चा आपल्या सीमेशी संबंध नाही. हा शब्द लॅटिनमधला, अर्थ नकटा. आणि या नकट्याची शास्त्राला ओळख झाली ती आपल्याच देशातून. मद्रास इलाख्यात नोकरीला असलेले वॉल्टर इलियट हे ब्रिटिश अधिकारी निसर्गाचे जाणकार होते. आजच्या विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर मिळालेल्या या प्राण्याची त्यांनी चित्रं, नोंदी आणि हाडं जपून ठेवली. त्यावरून लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी १८६६ मध्ये ही जात नवी म्हणून जाहीर केली.

पण ते नाव टिकलं नाही. याचा एक चुलतभाऊ आहे, पिग्मी स्पर्म व्हेल, शास्त्रीय नाव कोगिया ब्रेव्हिसेप्स, म्हणजे आखूड डोक्याचा. त्याचं वर्णन १८३८ मध्येच झालं होतं. दोघं दिसायला इतके सारखे की पुढे अभ्यासकांनी दोघांना एकच ठरवून टाकलं. विशाखापट्टणमचा नकटा त्या दुसऱ्याच्या नावाखाली दडून गेला. १९६६ मध्ये, म्हणजे ओवेन यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, चार्ल्स हँडली यांनी कवट्या, दात आणि मापं पुन्हा तपासून दाखवून दिलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यामुळे त्याआधीच्या जुन्या नोंदींमध्ये नुसतं 'पिग्मी' लिहिलेलं असेल तर ते दोघांपैकी कोणीही असू शकतं. ज्यांच्याकडे मापं किंवा हाडं शिल्लक होती तेवढ्याच नोंदी परत उलगडता आल्या.

आता मूळ प्रश्न. किनाऱ्यावर समोर काहीतरी पडलंय. ओळखायचं कसं?

आधी शेपटी बघा. माशाची शेपटी उभी असते, मुशीचीही. देवमासे आणि डॉल्फिन यांची शेपटी आडवी, जमिनीला समांतर पसरलेली. ही खूण जनावर सडलं तरी पुष्कळ दिवस टिकते. शेपटी आडवी असेल तर मुशीचा विषय संपला.

हे मुद्दाम सांगते, कारण हा नकटा मुशीशी कमालीचा मिळताजुळता आहे. त्याचं तोंड अगदी छोटं, डोक्याच्या खालच्या बाजूला आणि बरंच मागे, मुशीसारखंच. खालच्या जबड्यात बारीक, आत वळलेले, सुईसारखे टोकदार दात. आणि डोळ्याच्या मागे, बाजूच्या पराच्या अलीकडे, एक फिकट कोर असते, चंद्रकोरीसारखी. बघणाऱ्याला ती हमखास कल्ल्याची फट वाटते. अभ्यासक तिला खोटा कल्लाच म्हणतात. ती कातडीवरची नुसती रंगाची रेघ आहे. तिथे बोट फिरवलं तर कातडी सलग लागेल. श्वास घ्यायची नाकपुडी वर डोक्यावर आहे, एकच, आणि तीही मधोमध नाही, डावीकडे सरकलेली. आतली कवटी तर आणखी वाकडी. डाव्याउजव्या बाजूंत इतका फरक असलेली कवटी देवमाशांच्या साऱ्या कुळात क्वचितच सापडेल.

शेपटी आडवी आहे, आता डोकं आणि पाठ. मुंबईच्या किनाऱ्यालगत रोजच्या वावरातले दोन प्राणी आहेत. एक हम्पबॅक डॉल्फिन, त्याला लांब चोच असते आणि पाठीवर उंचवटा. दुसरा फिनलेस पॉरपॉइज, गोल डोक्याचा, चोच नसलेला, आणि पाठीवर परच नसलेला. हे दोघं बाजूला काढले की बहुतेक शंका मिटतात. उरले खोल समुद्रातून आलेले पाहुणे. त्यांत पिग्मी किलर व्हेल आणि मेलन हेडेड व्हेल हेही छोटे, काळे आणि गोल डोक्याचे. पण त्यांचं तोंड डोक्याच्या पुढच्या टोकापर्यंत येतं, ओठांभोवती अनेकदा पांढरी कड असते, आणि वरच्या जबड्यातही दातांची पूर्ण रांग असते. आपल्या नकट्याच्या वरच्या जबड्यात दात बहुधा नसतातच. असले तर दोनतीन जोड्या. म्हणून तोंड खाली आणि मागे, दात फक्त खाली, एवढं जमलं की तुम्ही कोगियापर्यंत पोचलात.

खरी कसोटी यापुढे आहे: बुटका की पिग्मी?

लांबी एक अंदाज देते. पिग्मी साडेतीन मीटरच्या आसपास जातो, वजनात चारशे किलोच्या पुढे. म्हणून तीन मीटरच्या वरचा असेल तर तो बुटका नाही. पण अडीच मीटरचा असेल तर तो पूर्ण वाढलेला बुटका असेल किंवा अजून वाढणारा पिग्मी. नुसत्या लांबीवर इथे कुणी निकाल देऊ नये.

निकाल देतो तो पाठीवरचा पर. बुटक्याचा पर उंच, टोकदार, पाठीच्या साधारण मध्यावर. लांबून एखाद्या डॉल्फिनचा वाटावा असा. पिग्मीचा पर छोटा, आकड्यासारखा, आणि मध्याच्या बराच मागे. यावर एक साधं प्रमाण आहे: पराची उंची शरीराच्या एकूण लांबीच्या ५ टक्क्यांहून जास्त असेल तर बुटका, कमी असेल तर पिग्मी. समजा जनावर २४० सेंटिमीटर आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे १२ सेंटिमीटर. पर १७ सेंटिमीटर भरला तर बुटका. ७ भरला तर पिग्मी.

दुसरं माप नाकपुडीचं. डोक्याच्या पुढच्या टोकापासून नाकपुडीपर्यंतचं अंतर बुटक्यात एकूण लांबीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत राहतं, पिग्मीत त्याच्या पुढे जातं. आपल्या २४० सेंटिमीटरच्या जनावरात ही रेघ २४ सेंटिमीटरवर येते. ओवेन यांना हा प्राणी नकटा का वाटला असेल, ते टेप लावली की कळतं.

तिसरी खूण दातांची. खालच्या जबड्यात एका बाजूला ७ ते १२ दात असतील तर बुटक्याकडे कल. १२ ते १६ असतील तर पिग्मीकडे. १२ आले तर हा पुरावा कुणाच्याच बाजूने नाही, म्हणून दात एकटे मोजून थांबायचं नाही. बुटक्याच्या गळ्याखाली काही आखूड खाचाही दिसतात. तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की जात निश्चित.

हे सगळं ताज्या प्राण्याबद्दल झालं, आणि मुंबईची अडचण नेमकी इथे आहे. हा देवमासा किनाऱ्याजवळचा नाही. तो राहतो तिथे, जिथे समुद्रबूड जमीन संपते आणि तळ एकदम खोल उतरत जातो. शाळेच्या भूगोलात वाचलेली ही समुद्रबूड जमीन मुंबईसमोर फार रुंद आहे. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहेत, आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. खोल उताराची कड त्याच्याही पलीकडे. म्हणजे या जातीचा मेलेला प्राणी आपल्या चौपाटीवर यायचा तर तो कित्येक दिवस वाऱ्यावर आणि लाटांवर वाहत यावा लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे हे काम करतात. एवढ्या प्रवासात कातडी सोलवटते, आणि सगळ्यात आधी जाते ती डोळ्यामागची चंद्रकोर. अंग फुगलं की डोक्याचा आकार बदलतो. पराचं टोक वाळून वळतं किंवा कुणीतरी कुरतडतं. म्हणून आपल्याकडे एका खुणेवर विसंबणं धोक्याचं आहे. जेवढ्या खुणा शिल्लक असतील तेवढ्या टिपाव्या लागतात.

जिवंत पाहायचा झाला तर आणखी कठीण. समुद्र अगदी शांत असेल तेव्हा तो पाण्यावर ओंडक्यासारखा निपचित तरंगताना दिसतो. मोठ्या देवमाशासारखा फवारा उडत नाही, उड्या फारशा नाहीत, आणि बुडी मारताना शेपटी वर काढणं नाही. होडी जवळ आली की तो जागच्या जागी खाली जातो, दगड सोडल्यासारखा. लांबून खात्री नसेल तर जाणकारही नुसतं 'कोगिया' लिहितात, पुढे जात लिहीत नाहीत. ती कमी माहितीची नोंद असली तरी चुकीची नोंद नसते, आणि मला ती शिस्त फार मोलाची वाटते.

आवाजावरूनही दोघं सहज वेगळे करता येत नाहीत. भक्ष्य शोधायला ते जे टिकटिक आवाज सोडतात ते १३० किलोहर्ट्झच्या आसपासचे असतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. एवढे चढे आवाज ओर्का या त्यांच्या शिकाऱ्यालाही नीट ऐकू येत नाहीत, आणि त्याच्यापासून वाचण्यासाठीच ते इतके वर गेले असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे.

बचावाची त्याची आणखी एक युक्ती आहे, आणि ती ज्यांच्या घरी माकूल शिजतो त्यांना पटकन समजेल. माकूल साफ करताना ती शाईची पिशवी जपून काढावी लागते, फुटली की हात, ओटा, मोरी सगळं काळं. हा देवमासा मुख्यतः माकलांवर जगतो आणि युक्तीही त्यांचीच वापरतो. त्याच्या आतड्याच्या शेवटी एक पिशवी असते, तीत तांबूस तपकिरी द्रव साठलेला. भ्याला की तो पाण्यात सोडतो, गढूळ ढग तयार होतो आणि त्याआड तो खाली निसटतो. सगळ्या देवमाशांत ही सोय फक्त कोगियाच्या या दोन जातींकडे आहे. त्यामुळे होडीवरच्या कुणी पाण्यात असा तांबडा ढग पाहिला तर तो प्राणी जखमी झालाय असं लगेच धरू नये.

एवढी मापं कशाला, जनावर तर मेलंच आहे, असं मला कुणीकुणी विचारतं. त्याचं उत्तर पुन्हा विशाखापट्टणमला जातं. २००५ मधल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की अटलांटिकमधले बुटके स्पर्म व्हेल आणि हिंदी-प्रशांत महासागरातले बुटके स्पर्म व्हेल एकमेकांपासून बरेच दुरावलेले आहेत; कदाचित या दोन जाती ठराव्यात. तसं झालं तर कोगिया सिमा हे नाव कोणाकडे राहील? नियम असा की ज्या नमुन्यावरून नाव दिलं, त्याच्या जातीकडे नाव राहतं. नमुना आपल्या पूर्व किनाऱ्यावरचा. म्हणजे नाव आपल्याकडच्या नकट्याचं, आणि नवं नाव शोधावं लागेल ते अटलांटिकवाल्याला. अशा वेळी अरबी समुद्रातून आलेला, मापं घेतलेला, जात पटलेला प्रत्येक प्राणी मोलाचा असतो.

म्हणून फोटो. फोटो कसा काढावा हे सांगते, कारण इथेच माझी ती नोंद हुकली. डोक्यासमोर उभं राहून काढू नका. मोबाइलची लेन्स जवळचं मोठं दाखवते आणि मागचं आक्रसवते. डोकं भोपळ्याएवढं दिसतं आणि पराची उंची हरवते. जनावराच्या मध्यासमोर, थोडं लांब, खाली बसून, डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं येईल असा एक फोटो काढा. मग फक्त पराचा, बाजूने. मग तोंडाचा, खालून. दात दिसत असतील तर त्यांचा. शेवटी नाकपुडीचा, वरून. प्रत्येकात मापाची एखादी वस्तू हवी: पट्टी, पाण्याची बाटली, काहीच नसेल तर चप्पल, पण अंगाला लागून ठेवलेली, पुढे किंवा मागे नाही. त्या फोटोतली निळी चप्पल जनावराच्या हातभर पुढे होती, म्हणून तिचा काही उपयोग झाला नाही.

टेप असेल तर लांबी सरळ रेषेत घ्या, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. पोटाच्या फुगवट्यावरून टेप नेली तर माप वाढतं आणि सगळी टक्केवारी बिघडते. टेप अंगावर टेकवायची नाही, बाजूने वाळूवर धरायची. हात लावू नका. या प्राण्यांचे काही रोग माणसालाही होतात. दात किंवा हाड घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. आपल्याकडे कांदळवन कक्ष अशी प्रकरणं पाहतो, आणि ऊतींचा नमुना घेणं हे त्यांचं आणि त्यांच्यासोबतच्या अभ्यासकांचं काम आहे. प्राणी जिवंत असेल तर फोटो नंतर, फोन आधी. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर फाटलेल्या जाळ्याची भरपाई देणारी सरकारी योजना आहे, २५ हजार रुपयांपर्यंत. हे नाखव्यांना माहीत असतं, पण नव्या खलाशांना नेहमीच असतं असं नाही, म्हणून बंदरावर ओळख असेल तर सांगून ठेवा.

मैत्रीण आता चालायला जाते तेव्हा पिशवीत शिंप्याची टेप असते. महिन्याभरापूर्वी सकाळी साडेसहाला तिचे पाच फोटो आले. पहिला बाजूने, पूर्ण. दुसरा पाठीचा, अगदी जवळून: पर नाही, त्याजागी कण्यावरून मागे गेलेला बारीक दाण्यांचा खरखरीत पट्टा, वाळूचे कण चिकटलेले. टेप शेजारी वाळूवर, शून्याचं टोक डोक्यापाशी. खाली मजकूर होता, "एक मीटर बत्तीस. टोकापासून खाचेपर्यंत, सरळ. १९२६ ला फोन केलाय, येतायत."

मी वहीत लिहिलं: फिनलेस पॉरपॉइज, १३२ सेंटिमीटर, वेसावे.